कोरड्या जखमेचा चमत्कार

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. एके काळी तिथे कपाटं आणि पलंग रचून ठेवायचे. आता तापलेली माणसं रचून ठेवली होती. कुणी खोकत होतं, कुणी कण्हत होतं, कुणी भर दुपारी शाल लपेटून कुडकुडत होतं. समोर फळ्यांच्या चौथऱ्यावर बसले होते गारहात बाबा. बाबांचा हात म्हणे बारा महिने गार. कपाळावर ठेवला की समोरच्याचा ताप त्या हाताने वर ओढला जाई, आणि मग बाबा तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन तो ताप स्वतःच्या पोटात विझवत. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. पण लोकांनी ते मानलं याला एक कारण होतं. बाबांजवळ अशी वस्तू होती, जी आजवरच्या कुठल्याच बाबाने जवळ बाळगायची हिंमत केली नव्हती. थर्मामीटर.

"आम्ही अंधश्रद्धा शिकवत नाही," बाबा मधाळ आवाजात सांगत. "आमचं सगळं विज्ञानाच्या पट्टीवर. हात आमचा, काच तुमची. येताना मोजा, जाताना मोजा. फरक पडला नाही तर बाबाला शिव्या घाला आणि घरी जा."

लोक मोजत, आणि फरक पडत असे. दारातून धरून आणलेली बाई उठून आपल्या पायांनी चालत जाई. बाबा पैशाला शिवत नसत. पैशाला शिवणारा माणूस दाराबाहेर वेगळं टेबल टाकून बसलेला असे.

सगळ्यात मागे खांबाला टेकून, नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधून बरणीताई उभी होती. हे नाव तिला वसतिगृहाच्या पोरांनी दिलेलं. ती तिथलं स्वयंपाकघर चालवायची, आणि शिजलेल्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना लहान बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवायची. कुणाचं पोट बिघडलं, तर दोष आपल्या पातेल्याचा की कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याचा, हे बरणी उघडून ठरवता येतं. माणसांवर ती फारसा भरवसा ठेवत नसे, बरणीवर ठेवत असे. अशा बाईला बाबांच्या दारात यायचं काही कारण नव्हतं. पण चौथऱ्यावर, बाबांच्या उजव्या हाताला, मानाच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बसला होता.

भाऊ फ्रेमवाला. आरसे आणि तसबिरी मढवून द्यायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा ताईने आपली एक दिली होती, आणि आता त्याच्या पोटात तीच काम करत होती. परकी किडनी शरीर ओळखतं आणि तिच्यावर तुटून पडतं. तसं होऊ नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती रोजच्या गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवायची असते. गर्दीत जायचं नाही, सर्दी झालेल्याच्या शेजारी बसायचं नाही, साधं खरचटलं तरी दाखवायला यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं. आणि या माणसाला बाबांनी शहरातल्या सगळ्या खोकल्यांच्या मधोमध खुर्ची दिली होती, मान म्हणून.

"या पायाकडे बघा," बाबांनी भावाचं पाऊल उचलून लोकांना दाखवलं. अंगठ्याजवळ एक चीर होती. "काच घुसली. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर सुजला असता, लाल झाला असता, पुवाने भरला असता. हा बघा, कोरडा ठाक. डॉक्टर म्हणतात, याच्या अंगात ताकद नाही, याला लवकर लागण होते. झाली का? ताप नाही, पू नाही, ठणका नाही. अरे, मग कुठाय तुमची लागण?"

गोदाम हसलं. भाऊही हसला. आणि दारात पेल्यांचं ताट घेऊन उभी असलेली त्याची बायको तर अशी फुलली, जशी काही ती जखम तिनेच घरी विणून आणली होती.

ती तिथली मुख्य सेविका होती. आत येणाऱ्या प्रत्येकाला शुद्धीचा पेला द्यायचा, समोर प्यायला लावायचा आणि मग बसवायचं, हे तिचं काम. सगळे बसले की बाबांचं प्रवचन, आणि प्रवचन संपलं की हात.

*

"वन्सं, तोंड बांधून मागे काय उभ्या होता?" भावाच्या दुकानात ताईने पाय टाकताच भावजयीने विचारलं. "बायका मला विचारत होत्या, ही चोरासारखी कोण उभी आहे म्हणून."

"चोर पुढे बसला होता."

"ताई, आल्या आल्या सुरू करू नकोस," भाऊ म्हणाला. तो डब्यातलं दुसऱ्यांदा वाढून घेत होता. "भूक बघ माझी. किती वर्षांनी असा जेवतोय. गुडघे दुखायचे, ते थांबले. झोप कमी लागते, पण हुशारी किती वाटते. आणि हा चेहरा बघ."

चेहरा खरंच भरला होता. गालफडं गोल, कातडी ताणलेली.

"आरशासारखा झालाय," भावजय म्हणाली.

"आरशाच्या मागे काय फासलंय तेही बघावं लागतं," ताई म्हणाली आणि खाली बसून तिने त्याचं पाऊल मांडीवर घेतलं. चिरेच्या कडा पांढुरक्या होत्या, मिटलेल्या नव्हत्या. आत करड्या रंगाचा एक ठिपका होता. तिने बोटाने बाजूला दाबलं. "दुखतं?"

"अजिबात नाही."

"तेच मला आवडलं नाही. काच लागून इतके दिवस झाले, जखम दुखत नाही, सुजत नाही आणि भरतही नाही. दवाखान्यात चल."

"तुम्हाला काय आवडलंय आजवर?" भावजयीचा आवाज चढला. "लग्नात माझी साडी आवडली नाही, घरात माझा स्वयंपाक आवडला नाही. किडनी दिलीत, उपकार झाले. पण म्हणून माणूस विकत नाही घेतलात."

"माणूस तुझा. किडनी माझी. तिला प्रवचनाला नेताना मला विचारत जा."

भाऊ हसता हसता थांबला, कारण दोघींपैकी कुणीच हसत नव्हतं.

गोळ्या तरी घेतोस ना, असं ताईने विचारलं. त्या चालू होत्या. भावजयीने त्यात कधी कसूर केली नव्हती. गोळ्यांच्या जोडीला बाबांचा पेला, रोज घरीही. कपाटावर त्याची बाटली होती, आत तपकिरी, गुळचट काढा. ताईने पिशवीतून एक लहानशी बरणी काढली आणि त्यातला थोडा काढा तिच्यात ओतून घेतला.

"हे कशाला?"

"सवय आहे. माझ्या माणसाच्या पोटात काय जातंय त्याचा नमुना मी ठेवते."

"घ्या, तपासा," भावजय म्हणाली. "सोन्याला कसोटीची भीती नाही."

त्याच दिवशी ताईने बरणी किडनी विभागाच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी जिभेवर थेंब घेतला नाही, वासही घेतला नाही. सरळ चिठ्ठी लावून तपासणीला पाठवली. "पण भावाला अहवालाची वाट बघत ठेवू नका. घेऊन या," त्या म्हणाल्या. ताईने निरोप दिला. भावाने सांगितलं की बाबांच्या कार्यक्रमानंतर येतो.

*

कार्यक्रमाआधीच तो कोसळला. कोसळला म्हणजे नाट्यमय असं काही झालं नाही. आरशाची चौकट जुळवताना त्याने कोपरा तिरका कापला. परत कापला, परत तिरका. मग तो हातात करवत घेऊन तिच्याकडे बघत बसला, जणू काही ती कशासाठी असते ते तो विसरला होता. श्वास भरभर चालला होता, हातपाय थंडगार. भावजयीने ताप पाहिला. नव्हता. पुन्हा पाहिला. नव्हताच. ताई रिक्षातून उतरली तेव्हा भावजय दुकानाच्या पायरीवर थर्मामीटर घेऊनच उभी होती.

"ताप नाहीये वन्सं. बघा ना. काहीच नाहीये. मग असं काय करतायत हे?"

"ते ठेव खाली. माणूस उचल."

दवाखान्यात त्याला सरळ आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात दोन कागद होते, आणि चेहऱ्यावर दिलासा देण्यासारखं काही नव्हतं.

"पायातून जंतू रक्तात गेलेत. रक्तदाब टिकत नाहीये. औषधं सुरू केलीत. दोन बोटं काढावी लागतील, आतून सडलीत. बाकी वाचलं तर वाचलं म्हणायचं."

"पण पू नव्हता," भावजय म्हणाली. ती भांडत नव्हती, खरोखर विचारत होती. "लाल नव्हतं. ताप नव्हता. सडलं तर दिसायला नको?"

डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या. "ऐका. जंतू येताना पू घेऊन येत नाहीत. पू म्हणजे जंतूंशी झगडून मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी. सूज, लाली, ठणका, ताप, हे सगळं जंतूंपेक्षा जास्त आपलं शरीर करतं. झगडा चालू आहे याची ती खूण. ज्याच्या अंगात झगडायला कुणी उरलेलंच नाही, त्याची जखम कोरडी राहते. जंतू आत बसून निवांत जेवत असतात. अशा माणसाला ताप नाही म्हणून खूश व्हायचं नसतं. किडनी बसवलेला, कॅन्सरची औषधं चालू असलेला, फार दिवस स्टेरॉइड घेणारा, या लोकांचं नुसतं खाणं कमी झालं, गुंगी आली, जखम भरेना झाली, तरी आम्ही धावतो."

"त्याच्या गोळ्यांमुळे?" ताईने विचारलं.

"गोळ्यांनी शरीराचा आवाज बारीक होतो. तो आम्हीच करतो, किडनी टिकावी म्हणून, मोजूनमापून. पण यांचा आवाज कुणीतरी पार बंद केलाय." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "तुमच्या बरणीतला काढा. ताप उतरवायची साधी गोळी आहे त्यात, कुठल्याही दुकानात मिळते ती. आणि स्टेरॉइड, भरपूर. स्टेरॉइड वाईट नाही, मीही देते. पण ते सूज दाबतं, दुखणं दाबतं, भूक वाढवतं, झोप उडवतं, चेहरा गोल करतं. आणि प्रतिकारशक्ती आणखी खाली ढकलतं. आधीच अर्धा झोपलेला पहारेकरी होता. त्याला रोज गुंगीचं पाजलं."

भावजय त्या कागदाकडे बघत राहिली. "मी पाजलं," ती म्हणाली.

ताईला खूप काही बोलता आलं असतं, समजुतीचंही. ती ते बोलली नाही. "हो," ती म्हणाली. "तू पाजलंस."

त्यानंतर त्या दोघी बाकाच्या दोन टोकांना बसून राहिल्या. बोटं काढली. रक्तदाब हळूहळू धरू लागला. किडनी चालू होती, पण चढावर सायकल चालावी तशी.

*

बाबांच्या पुढच्या कार्यक्रमाला ताई गेली ती डॉक्टरीणबाईंना आणि तो कागद घेऊन. तो वाचून दाखवायचा, एवढाच बेत होता. दारात मात्र तिचं डोकं फिरलं. ताट हातात घेऊन, रोजच्यासारखी, भावजय उभी होती आणि पेले वाटत होती.

"तू इथे? तो तिकडे पडलाय आणि तू इथे?"

"वाटायचं काम माझं आहे," भावजय वर न बघता म्हणाली. "तुम्ही तुमचं करा, वन्सं."

आत ताई बोलायला उभी राहिली आणि गोदाम तिच्यावर उसळलं. "बसा खाली." "हिचा भाऊ बाबांनीच जगवला, आणि ही बघा." "डॉक्टरांनी पाठवलेलं दिसतंय, धंदा बसला असेल." कुणीतरी तिची पिशवी ओढली. डॉक्टरीणबाईंनी कागद वर धरला, तर बाबा दयाळूपणे हसले.

"मुली, कागदावर काय वाटेल ते लिहिता येतं. ताप कागदावर उतरत नाही, हाताखाली उतरतो. तुझा कागद तुझ्याजवळ, आमचा हात आमच्याजवळ. आज या बाईंसमोरच मोजू. सगळ्यांनी मोजा."

मग प्रवचन झालं. देह म्हणजे घर, ताप म्हणजे पाहुणा, संशय म्हणजे उघडी खिडकी. पाहुणा चौथ्यांदा घरात शिरला तेव्हा ताईने जांभई दिली. शेवटी बाबा उठले. पहिल्या रांगेतल्या रंगाऱ्याच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले, पाणी प्यायले. रंगाऱ्याच्या बायकोने थर्मामीटर लावला, काढला, उजेडाकडे धरला.

"तेवढाच आहे," ती म्हणाली.

"पुन्हा लाव."

"पुन्हा तेवढाच."

बाबा पुढच्याकडे सरकले. एक शिंपी, एक कंडक्टर, एक म्हातारी. हात, डोळे, पाणी, थर्मामीटर. कुणाचाही ताप उतरला नाही. म्हातारीचा तर थोडा चढला. बाबा इतकं पाणी प्यायले होते की त्यांना ढेकर आला. मग त्यांनी बोट उचललं आणि खांबाकडे रोखलं.

"इथे संशय बसलाय. माझ्या हातात आणि तुमच्या तापात ही बाई उभी आहे. हिला बाहेर काढा, मग बघा."

माणसं ताईकडे वळली. ती मागे सरकली, पण मागे खांब होता. तेवढ्यात रिकामं ताट घेऊन भावजय मधल्या वाटेने पुढे आली. लोकांनी तिला वाट दिली. ती त्यांची होती.

"बाबा, वन्सं संशयी आहेतच. जन्मापासूनच्या," ती म्हणाली. "पण त्या मागच्या वेळीही इथेच उभ्या होत्या. तेव्हा ताप उतरला होता."

बाबांनी पुन्हा तांब्या उचलला.

"हात तोच आहे. प्रवचनही तेच, मला पाठ आहे. माणसं तीच. मग आज वेगळं काय? मी सांगते. तुम्ही आतल्या खोलीतून पाठवलेला काढा मी मोरीत ओतला. आज या सगळ्यांना मी नळाचं पाणी दिलं."

रंगाऱ्याच्या बायकोने थर्मामीटर पुन्हा उजेडाकडे धरला.

"उशिरा आलेल्याला तुम्ही परत पाठवायचात. मला वाटायचं, शिस्त. काल वॉर्डाबाहेर बसून विचार केला, की ज्याचा हात गार आहे त्याला उशिरा आलेला माणूस का चालत नाही? कारण पेल्यातली गोळी लागू पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही बोलता. मग हात ठेवता." तिने ताट चौथऱ्यावर ठेवलं. "गोळी मी वाटत होते, बाबा. नाव तुमच्या हाताचं होत होतं."

"अहो, पण बरं वाटत होतं ना," मागून कुणी तरी रागाने म्हणालं. "तुम्हाला पाणी द्यायचा काय अधिकार?"

"हे मात्र बरोबर आहे," डॉक्टरीणबाई पुढे येत भावजयीला म्हणाल्या. "मला विचारायचं होतं. हे लोक रोज ते पितायत. अशा औषधाची शरीराला सवय होते, एकदम तोडलं तर माणूस आडवा होऊ शकतो." मग लोकांकडे वळून त्यांनी आवाज वाढवला. "जे बरेच दिवस पेला घेतायत त्यांनी घरी जाऊ नका. आज, आत्ता दवाखान्यात चला. आपल्या मनाने पिऊही नका आणि आपल्या मनाने सोडूही नका. आणि ज्यांना ताप आहे त्यांनी आधी एवढं विचारा, की ताप कशाचा आहे. तो दाबून टाकायचं मग ठरवू."

या गडबडीत चौथरा रिकामा झाला होता. कंडक्टरने आतल्या खोलीचं दार ढकललं. मागचं दार सताड उघडं होतं. सतरंजीवर खलबत्ता होता, गुळाची ढेप होती, आणि गोळ्यांच्या रिकाम्या चकचकीत पाकिटांनी भरलेली गोणी होती. बाबांनी जाताना हात तेवढा नेला होता.

*

भाऊ वॉर्डात पडूनच होता. एका दुपारी दोघी बाहेर बाकावर बसल्या असताना गोदामातली एक बाई तरातरा चालत आली. तिला ताईशी बोलायचं नव्हतं, भावजयीशी भांडायचं होतं.

"समाधान झालं का? माझी आई बाबांच्या पेल्याने जिने चढायला लागली होती. आता सांधे परत धरलेत. तुझा नवरा वाचला, आमच्या तोंडचं मात्र काढून घेतलंस."

"तुझी आई चढली, ते खरं आहे," भावजय म्हणाली. "माझा नवराही दोनदा वाढून घेऊन जेवायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. डोळ्यांनी बघितलं म्हणूनच फसले. पुढे काय विचारायचं ते विचारलं नाही. पेल्यात काय आहे? हात नुसता ठेवला तर होतं का? पेला नुसता दिला तर होतं का? एवढं विचारायला शाळा शिकावी लागत नाही. मी रोज त्या दारात उभी होते आणि विचारलं नाही, कारण मला बरं वाटत होतं."

"तुला सोपं आहे आता शहाणपण शिकवायला."

"दोन बोटं गेलीत, सोपं कुठलं?" भावजय उठली. "आई खाते का नीट? गुंगीत असते? कुठे लागलंय-खरचटलंय?"

बाई नाइलाजाने म्हणाली, "पायाला फोड आहे. पण दुखत नाही. कोरडा आहे एकदम."

भावजयीने ताईकडे पाहिलं. ताईने पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि वॉर्डाच्या दाराकडची जागा स्वतः घेतली.

"मी बसते इथे. तू जा हिच्याबरोबर," ताई म्हणाली. "रिक्षा कर, चालत नेऊ नका म्हातारीला."